शाळेच्या सभेला कोण जाणार?

मे महिन्याची सुट्टी संपत आली की घराघरांत एक यादी सुरू होते. दप्तर गेल्या वर्षीचेच चालेल का, मोठ्याचा रेनकोट धाकट्याला येतो का, बुटांचा नंबर वाढला का, वह्या डझनाने घ्याव्यात की लागतील तशा. बहुतेक महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात उन्हामुळे आठ-पंधरा दिवस उशिरा. तोवर ही यादी रोज वाढत असते. तिच्यात एक गोष्ट मात्र क्वचितच दिसते: शाळेच्या पहिल्या पालक सभेला घरातून कोण जाणार?

आम्ही येथे जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांविषयी बोलत आहोत, मग त्या मराठी माध्यमाच्या असोत की उर्दू. आपल्या मोहल्ल्यांतली पुष्कळ मुले याच शाळांत जातात. खासगी शाळेत मूल घातले की आईवडील सभेला आवर्जून जातात, कारण फी भरलेली असते. सरकारी शाळेत फी नाही, म्हणून विचारण्याचा हक्कही नाही, असे आपण धरून चालतो. कायदा याच्या नेमके उलटे सांगतो. पण कायद्याकडे वळण्याआधी जूनमधल्या पहिल्या कामाकडे पाहू.

जनरल रजिस्टरमधली एक ओळ

पहिलीचा प्रवेश म्हणजे मुलाचे नाव शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये चढणे. ही एक ओळ माणसाला जन्मभर पुरते. पासपोर्ट असो, नोकरी असो, जातीचे प्रमाणपत्र असो, वीस वर्षांनीही याच ओळीचा उतारा मागितला जातो. आणि आपल्याकडे प्रवेश घ्यायला कोण जाते? त्या दिवशी जे रिकामे असेल ते. कधी चाचा, कधी शेजारीण, कधी सातवीत शिकणारी थोरली बहीण. बाई विचारतात, "पूर्ण नाव?" उत्तर येते, "सलमान." शेख आधी लिहायचे की शेवटी, हे कुणीच ठरवलेले नसते. वडिलांचे नाव आधारवर एका तऱ्हेने, रेशन कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने. मुलीच्या नावापुढे 'बी' लावायचे, 'बानो' लावायचे की काहीच नाही, हे लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहते. जन्मतारीख आठवत नसली तर जूनमधली एखादी सोयीची तारीख पडते.

म्हणून प्रवेशाला आईने किंवा वडिलांनी स्वतः जावे. जन्माचा दाखला, दोघांची आधार कार्डे आणि एका कोऱ्या कागदावर मुलाचे पूर्ण नाव मराठीत व इंग्रजीत स्वच्छ लिहून न्यावे. तोंडी सांगू नये, कागद पुढे करावा. रजिस्टरमध्ये लिहून झाल्यावर ती ओळ दाखवा म्हणावे आणि वाचून पाहावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी वाचणाऱ्याला सोबत न्यावे. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये तसे स्पष्ट आहे. तरी दाखला काढून घेतलेला बरा.

त्याच ओळीत धर्म आणि जात असे दोन वेगळे रकाने असतात, आणि आपल्यातल्या कित्येकांच्या दाखल्यावर दोन्हींत 'मुस्लिम' एवढेच लिहिलेले सापडते. तांबोळी, बागवान, मोमीन, पिंजारी अशा अनेक बिरादऱ्या महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. मूल बारावीला पोचते, प्रवेशासाठी जातीचे प्रमाणपत्र हवे असते, आणि मग १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधत आजोबांच्या गावच्या शाळेत खेपा सुरू होतात. आजोबांच्या दाखल्यावर जात लिहिलेली असली तरी नातवाच्या दाखल्यावर ती नसेल तर गाडी अडते. तेव्हा घरात कुणाच्याही शाळा सोडल्याच्या दाखल्यावर बिरादरीची नोंद असेल तर त्याची प्रत प्रवेशाच्या दिवशी सोबत असावी. रजिस्टरमध्ये चूक राहिली असेल तर मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्तीचा अर्ज करता येतो. शाळा सोडल्यावर ते काम फार अवघड होऊन बसते. मोठ्या मुलांच्या आईवडिलांनीही या जूनमध्ये एकदा जाऊन ती ओळ पाहून यावी.

पहिलीत जाणारे मूल

२०२२ पासून राज्यातल्या शाळांत पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारी मेळावा होतो. एक उन्हाळ्याच्या सुट्टीआधी, दुसरा शाळा उघडताना. नाव सरकारी असले तरी मेळावा गमतीचा असतो. नोंदणी झाली की मूल एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जाते. कुठे दोरीवरून चालायचे, कुठे रंग ओळखायचे, कुठे चित्र पाहून गोष्ट सांगायची, कुठे खडे मोजायचे. प्रत्येक ठिकाणी मुलाच्या विकासपत्रावर नोंद होते आणि शेवटच्या टेबलावर आईला सांगितले जाते की शाळा उघडेपर्यंत घरी काय करून घ्यायचे.

ही परीक्षा नसते, नापास कुणी होत नाही. तरीही मूल बोलले नाही की आया ओशाळतात आणि मुलाला चिमटा काढतात. असे करू नये. घरी दिवसभर टकळी चालवणारे मूल अनोळखी टेबलापुढे गप्प बसले तर त्यात नवल ते काय?

या मेळाव्यातून गल्लीतल्या पाच-सहा आयांचा एक गट करायचा असतो, त्याला माता गट म्हणतात. आठवड्यातून एकदा बसायचे, सुचवलेला खेळ मुलांकडून करून घ्यायचा, झाले. शिकलेली आई असलीच पाहिजे असे नाही. दस्तरखानावर माणसे मोजून तितकी ताटे मांडायला लावणे हे गणितच आहे. डाळ निवडताना खडे वेगळे करणे, धुतलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणे, लहान डबा मोठ्या डब्यात बसतो का पाहणे, हे सगळे त्या टेबलांवर जे करून घेतात तेच आहे. आपल्या गल्लीत आया रोज दुपारी ओट्यावर बसतातच. गट वेगळा जमवावा लागत नाही, तो जमलेला असतो. फक्त शाळेच्या वहीत त्याचे नाव लागले पाहिजे, म्हणजे बाईंचे साहित्य आणि निरोप तिथवर पोचतात.

घरची बोली आणि शाळेची भाषा

याविषयी थोडे थांबून बोलणे आम्हाला गरजेचे वाटते, कारण आपल्या मुलांची पहिली ठेच इथेच लागते.

आपल्या घरांत काय बोलले जाते? पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, सोलापूरकडे बहुतेक घरांत दखनी. कोकणात आपली कोकणी. काही घरांत सरळ मराठी. मूल मराठी शाळेत गेले तर तिथली मराठी पुस्तकी आणि उर्दू शाळेत गेले तर तिथली उर्दूही पुस्तकी. 'मेरेकू' म्हणणाऱ्या मुलाला 'मुझे' म्हण असे सांगतात, सोबतची मुले हसतात, आणि मूल ठरवून टाकते की आपल्याला बोलता येत नाही. मग बाईंचा शेरा येतो, "वर्गात बोलत नाही." आई म्हणते, "घरी तर थांबत नाही!" दोघीही खरे बोलत असतात.

यावर काही आईवडील वेगळाच उपाय काढतात. घरात बोली बंद आणि मोडकीतोडकी पुस्तकी भाषा सुरू. आमच्या मते याने नुकसानच होते. मूल ज्या भाषेत स्वप्न पाहते त्या भाषेत त्याच्याशी भरपूर बोलावे, दादीने जुन्या कहाण्या सांगाव्यात, कोडी घालावीत. ज्याला एका भाषेत गोष्ट नीट सांगता येते तो दुसऱ्या भाषेत लवकर शिकतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे असेच म्हणते. आणि दखनी म्हणजे काही बिघडलेली भाषा नव्हे. तिच्यातले 'नक्को' हे आपल्या मराठीतल्या 'नको'चेच भावंड आहे. ज्याच्या तोंडी दखनी आहे त्याच्यासाठी मराठीची अर्धी वाट चालून झालेली असते.

शाळेत शनिवारी पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'आनंददायी शनिवार' असतो. २०२४ पासून राज्यात हा उपक्रम आहे. खेळ, गोष्टी, हस्तकला, आरोग्याच्या सवयी. अशा एखाद्या शनिवारी आईने किंवा दादीने वर्गात येऊन घरच्या बोलीत एक गोष्ट सांगितली तर? बाईंना आधी विचारावे. बहुतेक बाई नाही म्हणत नाहीत, कारण त्यांनाही शनिवारी काय करून घ्यावे हा प्रश्न असतोच. बोलणारी दादी आपली आहे हे पाहून गप्प बसणाऱ्या मुलाची मान कशी वर होते ते एकदा पाहण्यासारखे आहे.

वाचनाचे दुखणे मोठे आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी सुमारे २७ टक्केच मुले दुसरीचा उतारा वाचू शकत होती. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे २० टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. पण उरलेल्या मुलांचे काय? तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधी गणिते यावीत, यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये 'निपुण भारत' अभियान सुरू केले. ते शाळेत चालते, घरी मात्र आईवडिलांना बहुधा ठाऊकही नसते.

इथे आपल्या घरांत एक चांगली सवय आधीच आहे, तिचा उपयोग करून घेता येतो. संध्याकाळी मकतबला जाणारे मूल रोजचा सबक रोज देते. काल जिथे थांबले तिथून आज पुढे, आणि उस्तादांनी ऐकल्याशिवाय पुढचे पान नाही. हाच नियम शाळेच्या पुस्तकाला लावावा. रोज एक पान, मोठ्याने, बोट ठेवून, आणि ऐकणारे कुणीतरी समोर. ऐकणाऱ्याला वाचता आले पाहिजे असेही नाही. मूल अडखळते कुठे हे कानाला कळते.

मात्र मकतब आणि शाळेचा अभ्यास हे दोन्ही एकाच संध्याकाळी येतात, आणि दोहोंच्या मध्ये मूल पेंगते, हेही खरे. काही ठिकाणी मौलाना साहेब आणि शाळेच्या बाई एकाच गल्लीत वर्षानुवर्षे शिकवतात, तीच मुले शिकवतात, आणि एकमेकांशी कधी बोललेले नसतात. पालकांनी पुढाकार घेऊन ही एक भेट घडवावी. चाचणीच्या आठवड्यात सबक थोडा कमी, सुट्टीत थोडा जास्त, एवढे ठरले तरी मुलावरचा ताण हलका होतो.

वहीवरची सही

आता त्या सभेकडे येऊ.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. अध्यक्ष पालकांतून होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. म्हणजे गुरुजी सभेची वही सांभाळतात, पण ठराव करणारे बहुमत आपले आहे. (अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांची गोष्ट वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीने तिथली समिती फक्त सल्ला देणारी झाली, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागूच होत नाही असे ठरवले. तिथे मूल असेल तर पालक-शिक्षक संघात जागा मिळवावी.)

प्रत्यक्षात काय होते? पुष्कळ ठिकाणी समिती वहीत जगते. दुपारी मूल घरी येते, हातात इतिवृत्ताची वही. "अम्मी, सरांनी सही मागितली." अम्मी पीठ मळत असते, हात पुसते, दाखवलेल्या जागी सही करते आणि वही परत जाते. आपण कोणत्या ठरावाला हो म्हटले हे तिला कधीच कळत नाही. ती समितीची सदस्य आहे हेदेखील काही वेळा तिला ठाऊक नसते. निम्म्या महिला हव्यात म्हणून नाव घातलेले असते, एवढेच. यात प्रत्येक वेळी शाळेची लबाडी असते असे आम्ही म्हणणार नाही. सभेला बोलावले तर कुणी येत नाही आणि कागद तर पूर्ण करावे लागतात, ही मुख्याध्यापकांची अडचणही खरी आहे. पण कोऱ्या पानावर सही करू नये आणि न वाचलेल्या पानावरही करू नये. वही आली तर नम्रपणे सांगावे, "उद्या शाळेत येऊन करते." आणि जावे.

समितीपुढे काय काय येते ते पाहिले की जाण्याचे महत्त्व कळते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटाप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. तीसपर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, शंभरपर्यंत २५ हजार, अडीचशेपर्यंत ५० हजार, त्यापुढे ७५ हजार, हजारावर गेला तर १ लाख. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयासाठी आणि खेळाच्या साहित्यासाठी पाच-पाच हजारांपर्यंतची तरतूद वेगळी. रक्कम मोठी नाही. पण मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही, नळाला पाणी येते की नाही, हे याच पैशातून ठरते. पाचवी-सहावीतल्या मुली पाणी पिणे टाळतात, कारण शाळेत जायची सोय नीट नाही, ही तक्रार आया घरी करतात, सभेत करत नाहीत. सभेत पुरुष बसलेले असतात आणि ते रंगरंगोटी, कंपाउंड वॉल यांवर बोलतात. कडीची गोष्ट तिथे आईच काढू शकते.

गणवेशाचेही तसेच. एकाच रंगाचा, एकाच कापडाचा गणवेश राज्यभर देण्याचा प्रयोग झाला, त्यात उशीर आणि मापाच्या तक्रारी झाल्या, आणि २०२४ च्या अखेरीस गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे आला. मोहल्ल्यात शिलाई करणाऱ्या किती भगिनी आहेत! कापड समितीने घ्यावे आणि शिवणकाम त्यांना द्यावे, असा ठराव सभेत मांडता येतो. मुलींना सलवार-कमीज असावा की स्कर्ट, बाह्या किती, ओढणी असावी का, हेही तिथेच बोलता येते. नंतर घरी बसून कुरकुर करण्यात अर्थ नाही.

मुलींच्या सुरक्षिततेसाठी २०२२ पासून शाळांत सखी सावित्री समितीही असते. आपल्या शाळेत ती आहे का, तिच्यात कोण आहे, तक्रारपेटी कुठे लावली आहे आणि ती उघडते कोण, एवढे सभेत विचारून घ्यावे.

सदस्यांची निवड पालक सभेत होते. तिथे कुणीच उभे राहिले नाही की जे नाव सुचवले जाते ते मंजूर होते. म्हणून दोन-तीन आयांनी आधीच आपापसांत ठरवून जावे आणि हात वर करावा. एकटीला अवघड वाटते, तिघींना वाटत नाही.

वेळेचा प्रश्न राहतोच. सकाळी अकराला सभा ठेवली तर मजुरीवर जाणारा बाप रोज बुडवून येणार नाही. मागावर काम करणाऱ्यांच्या गावात दिवसपाळी आणि रातपाळी असते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, तिथे सुट्टीच्या दिवसाशी सभा जोडता येईल का ते पाहावे. दुसरीकडे जुम्म्याच्या नमाजच्या वेळीच सभा लावली जाते, बहुधा कुणाच्या लक्षात नसते म्हणून. आधी सांगितले तर वेळ बदलून मिळते. ज्यांचे अब्बा आखातात किंवा ट्रकवर आहेत त्या घरी "वडील आले की बघू" असे म्हणतात. ते येईपर्यंत मूल दुसरीतून चौथीत गेलेले असते. आईची सही कायद्याला पुरते, आईचे बोलणे पुरले नाही असे कसे होईल?

वर्षभरातले दिवस

पाऊस सुरू झाला की शाळेचे कॅलेंडर भरू लागते. १५ ऑगस्टला झेंडावंदन, त्याला पालकांनी मुलांबरोबर उभे राहावे, गेटवरून परत जाऊ नये. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. रामेश्वरमच्या नाव चालवणाऱ्याच्या मुलाने लहानपणी वर्तमानपत्रे वाटली आणि पुढे राष्ट्रपतिपद भूषवले, ही गोष्ट मुलांना आवडते. त्या दिवशी घरातले एक पुस्तक शाळेच्या कपाटाला द्यावे. ११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. स्वतंत्र भारताचे ते पहिले शिक्षणमंत्री होते, म्हणून २००८ पासून हा राष्ट्रीय शिक्षण दिन आहे. मराठी शाळांत तो बहुधा दोन ओळींत उरकतो. एखाद्या वडिलांनी बाईंना विचारून पाच मिनिटे बोलायची तयारी ठेवली तर वर्गाला काही नवे ऐकायला मिळेल.

३ जानेवारीला सावित्रीबाई फुल्यांची जयंती. मुली सावित्रीबाई होऊन नऊवारी नेसतात. तेव्हा पुण्याचे उस्मान शेख आणि फातिमा शेख यांचीही आठवण काढायला हवी. घर सोडावे लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांच्याकडे आसरा मिळाला होता. १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. नऊवारीतल्या सावित्रीबाईशेजारी ओढणीतली फातिमा उभी राहिली तर त्या प्रसंगात आपलीही मुलगी असते आणि इतिहासही पुरा होतो.

हिवाळ्यात बाल आनंद मेळावा किंवा शाळेचा बाजार भरतो. मुले घरून काही करून आणतात आणि विकतात. भेळ, उकडलेले चणे, अंड्याची भजी, शेतातली मेथी. सुटे पैसे परत देताना सातवीतल्या मुलाचीही भंबेरी उडते आणि चौथीतली मुलगी पटापट हिशेब करते. या दिवशी आईने माल तयार करून द्यावा, पण किंमत मुलाला ठरवू द्यावी. चण्याला किती खर्च आला, किती द्रोण झाले, एक द्रोण कितीला विकला म्हणजे तोटा होणार नाही, हे त्याचे त्यालाच करू द्यावे. तोटा झाला तर झाला.

स्नेहसंमेलनाबद्दल घरोघरी कुरबुर असते. नाच नको, अमुक गाणे नको. मग मुलाला त्या दिवशी घरीच ठेवतात आणि ते दुसऱ्या दिवशी वर्गात एकटे पडते. संमेलनात नाटुकले असते, भाषण असते, कवायत असते, सूत्रसंचालन असते, रांगोळी आणि विज्ञानाचे प्रयोग असतात. महिनाभर आधी बाईंना भेटून आपल्या मुलाला काय करायला आवडेल ते सांगावे. आयत्या वेळी नकार दिला की बाईंचीही पंचाईत होते.

खिचडी आणि दावत

दुपारचे जेवण पीएम पोषण योजनेतून मिळते. पाचवीपर्यंतच्या मुलाला १०० ग्रॅम तांदळाचा आणि ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनांचा आहार मिळावा असे ठरलेले आहे. डाळ पातळ झाली का, भाजी पडते का, तांदूळ निवडलेला असतो का, हे पाहण्याचा अधिकार समितीला आहे. दोन-दोन आयांनी पाळीने जाऊन चव घेतली तर स्वयंपाकीण ताईंनाही बळ येते. त्यांचे मानधन तुटपुंजे असते, हे लक्षात ठेवून बोलावे.

याच योजनेत समाजातल्या कुणीही आनंदाच्या प्रसंगी मुलांना जेवण किंवा खाऊ द्यावा अशी सोय आहे, आपल्याकडे त्याला स्नेहभोजन म्हणतात. अकीका, निकाह, मुलीचे बारावीचे यश, असे प्रसंग घरोघरी येतातच. दावतीच्या खर्चातून शाळेच्या सगळ्या मुलांना एक दिवस केळी, चिक्की, शिरा किंवा खजूर देता येतो. सगळ्या मुलांना, आणि सगळे खातील असेच. मुख्याध्यापकांना आधी सांगावे, म्हणजे त्या दिवशी खिचडी कमी शिजते आणि अन्न वाया जात नाही.

रमजान आणि परीक्षा

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे वार्षिक परीक्षेच्या तोंडावर. सहेरीला उठलेले आणि तरावीहला जागलेले मूल दुसऱ्या तासाला डुलक्या घेते. लहान मुले मोठ्यांचे पाहून हट्टाने रोजा धरतात, घरात कौतुक होते, आणि त्याच दिवशी शाळेत कवायत असते. बाईंना चिठ्ठी गेली तर त्या मुलाला सावलीत बसवतील. चिठ्ठी नसेल तर त्यांना कळणार कसे? उर्दू शाळांत पुष्कळ ठिकाणी या महिन्यात सकाळची वेळ असते. मराठी शाळेत तशी सोय नसेल तर निदान सहलीचा आणि क्रीडास्पर्धांचा दिवस त्या महिन्यात येऊ नये, एवढे समितीच्या ऑगस्टच्या सभेत बोलून ठेवता येते. फेब्रुवारीत सांगून उपयोग नाही, तोवर बस ठरलेली असते.

आणखी एक. आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही, असे अजून पुष्कळ घरांत समजतात. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत कमी पडलेल्या मुलाला पुन्हा परीक्षेची संधी मिळते, पण तरीही जमले नाही तर त्याच वर्गात बसावे लागते. अल्पसंख्याक मुलांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२ मध्ये बंद झाली, ती नववी-दहावीपुरतीच उरली. त्यामुळे दरवर्षी त्या फॉर्मच्या निमित्ताने जे पालक एकदा तरी शाळेत यायचे, तेही यायचे थांबले. शाळेशी बोलण्याचे ते एक निमित्त गेले.

राहता राहिली सभेची तारीख. ती कधी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून येते, आता बहुधा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर येते. तो गट असतो अब्बांच्या फोनवर आणि अब्बा असतात कामावर. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा सभा होऊन गेलेली असते. प्रवेशाच्या फॉर्मवर नंबर लिहिताना वडिलांच्या नंबराखाली आईचाही लिहावा, आणि आईकडे फोन नसेल तर शेजारच्या त्या एकीचा, जी निरोप दारात येऊन सांगते.